गांज्याची जाहिरात : एक कादंबरी आणि तिच्यामागचा इतिहास

इ. स. १९७२ साली अमेरिकेत एडविन कॉर्ले या लेखकाची ‘आकापुल्को गोल्ड’ नावाची एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा विषय त्या काळच्या वाचकास चमत्कारिक वाटावा असाच होता. गांजा कायदेशीर होण्याच्या बेतात आहे, आणि त्याच्या सिगारेटी बाजारात आणण्यासाठी जाहिरातीची मोहीम आखण्याचे काम एका जाहिरातसंस्थेकडे येते, ही तिची मूळ कल्पना. अमेरिकेत ज्याला ‘मारिहुआना’ म्हणतात तो पदार्थ म्हणजे आपला गांजाच होय. आणि ‘आकापुल्को गोल्ड’ हे मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील आकापुल्को शहराच्या आसपासच्या पहाडी मुलखातून येणाऱ्या सोनेरी छटेच्या गांज्याचे बाजारी नाव. कादंबरी वाङ्मयगुणांनी थोर आहे असे आम्ही म्हणणार नाही. ती विमानतळावर विकत घ्यावी आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत संपवावी अशा जातीची आहे. तथापि सामान्य प्रतीच्या पुस्तकात कधी कधी काळाची नाडी थोर ग्रंथांपेक्षाही स्पष्ट लागते. या पुस्तकाने विचारलेला प्रश्न पुढे चाळीस-पन्नास वर्षांनी खराच उभा राहिला, आणि त्याचा अर्धा इतिहास आपल्या देशात घडलेला आहे. म्हणून त्याकडे थोडे तपशिलाने पाहावेसे आम्हांस वाटते.

प्रथम ती कादंबरी ज्या क्षणी लिहिली गेली तो क्षण ध्यानी घेतला पाहिजे. अमेरिकेच्या सर्जन जनरलांचा धूम्रपानाविषयीचा अहवाल ११ जानेवारी १९६४ रोजी बाहेर पडला, आणि सिगारेटचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी असलेला संबंध सरकारी शिक्क्यानिशी जगासमोर आला. त्यानंतर सहा वर्षांनी, १९७० साली, रेडिओ व दूरचित्रवाणीवरून सिगारेटची जाहिरात करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. ही बंदी १ जानेवारी १९७१ पासून नव्हे, तर २ जानेवारीपासून अमलात आली. कारण असे की, नववर्षदिनी अमेरिकेत फुटबॉलचे मोठे सामने होतात, ते पाहण्यास कोट्यवधी लोक दूरचित्रवाणीपुढे बसतात, आणि तेवढा एक दिवस तरी जाहिरातदारांच्या पदरात पडावा अशी योजना होती! त्या रात्री बारा वाजण्यास एक मिनिट असताना जॉनी कार्सन यांच्या लोकप्रिय कार्यक्रमात ‘व्हर्जिनिया स्लिम्स’ या स्त्रियांसाठी काढलेल्या सिगारेटची शेवटची जाहिरात झळकली, आणि पडदा पडला.

सिगारेट हे जाहिरातविद्येचे लाडके अपत्य होते. किंबहुना त्या विद्येचे कौशल्य वाढले तेच मुळी सिगारेटच्या अंगाखांद्यावर. १९२९ साली ईस्टरच्या रविवारी न्यूयॉर्कच्या राजरस्त्यावर तरुण स्त्रियांनी उघडपणे सिगारेटी शिलगावल्या, आणि वृत्तपत्रांनी ती स्त्रीस्वातंत्र्याची घटना म्हणून छापली. त्यामागे एडवर्ड बर्नेज हा प्रचारतज्ज्ञ होता, आणि बर्नेजच्या मागे अमेरिकन टोबॅको कंपनी होती, हे पुढे सर्वांस कळले. धूर विकावयाचा नसून धुराबरोबर स्वातंत्र्य, मर्दानगी, तारुण्य, ऐट विकावयाची, हे सूत्र त्यानंतर चाळीस वर्षे चालले. अशा धंद्याच्या हातून दूरचित्रवाणीचा पडदा एकाएकी हिसकावला गेला असता, ही सारी कला आता कशावर चालवावयाची हा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. कॉर्लेच्या कादंबरीने त्याला एक काल्पनिक उत्तर दिले.

दुसरीकडे गांज्याविषयीचा कायदाही त्याच सुमारास हेलकावे खात होता. अमेरिकेत १९३७ साली ‘मारिहुआना टॅक्स ॲक्ट’ होऊन गांज्यावर व्यवहारतः बंदी आली. तिच्या पाठीमागे हॅरी ॲन्स्लिंगर हे केंद्रीय मादकद्रव्य खात्याचे प्रमुख होते. त्यांनी गांज्याविषयी भयंकर कथांचा जो प्रचार चालविला, तोही एका अर्थी जाहिरातच होती, फक्त उलट दिशेची. १९६९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने टिमथी लिअरी यांच्या खटल्यात तो जुना कायदा मोडीत काढला. लगेच १९७० साली नवा कायदा आला आणि गांजा सर्वांत कडक यादीत जाऊन बसला. मात्र त्याच कायद्याने गांज्याचा अभ्यास करण्यासाठी एक आयोग नेमला. पेन्सिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर रेमंड शेफर हे त्याचे अध्यक्ष. मार्च १९७२ मध्ये त्या आयोगाने अहवाल दिला, आणि ज्या निक्सन यांच्या कारकिर्दीत तो नेमला गेला त्यांचीच निराशा केली. स्वतःच्या वापरासाठी घरात थोडा गांजा बाळगणाऱ्यास गुन्हेगार धरू नये, असे आयोगाने म्हटले. निक्सन यांनी ते मानले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांपुढे गांजा बाळगणे दंडमुक्त करण्याचा प्रस्ताव आला, तोही सुमारे दोन-तृतीयांश मतांनी फेटाळला गेला.

शेफर आयोगाच्या अहवालातील एक गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही. आयोगाने वापरणाऱ्यास शिक्षामुक्त करा असे म्हटले, पण दुकाने उघडा असे म्हटले नाही. परवाने देऊन खुला बाजार मांडण्याची कल्पना त्याने नाकारली, आणि समाजाने या सवयीस उत्तेजन न देता ती परावृत्त करावी असे धोरण सुचविले. म्हणजे माणसास माफी, पण मालाला नाही. दारू आणि तंबाखू यांच्या बाजाराचा अनुभव समोर असलेल्या देशात ही सावधगिरी अकारण नव्हती.

येथे आपल्या देशाचा संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नव्हे. १९६९ साली, म्हणजे अमेरिकेत हा वाद ऐन रंगात असताना, तेथील एका प्रकाशकाने एक जुना हिंदुस्थानी सरकारी अहवाल पुन्हा छापला, आणि त्यास स्टॅनफर्ड विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक जॉन कॅप्लान यांनी प्रस्तावना लिहिली. हा अहवाल म्हणजे १८९३-९४ च्या ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’चा. विलायतेच्या पार्लमेंटात मार्च १८९३ मध्ये हिंदुस्थानातील गांजा-भांगेच्या व्यवहारावर प्रश्न निघाला, आणि त्याच वर्षी जुलैत हिंदुस्थान सरकारने सात जणांचा आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष. सदस्यांत राजा शशिशेखरेश्वर रॉय, कुंवर हरनामसिंग व लाला निहालचंद हे तीन हिंदी गृहस्थ. या मंडळींनी देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदविल्या आणि अनेक खंडांचा अहवाल सिद्ध केला. गांज्याने वेड लागते या प्रचलित समजुतीचा तपास करण्यासाठी त्यांनी वेड्यांच्या इस्पितळांतील एकेका रोग्याची नोंद पुन्हा उलगडून पाहिली. तेव्हा असे दिसले की, रोगाचे कारण ठाऊक नसले म्हणजे त्या रकान्यात ‘गांजा’ लिहून मोकळे होण्याची पद्धत ठिकठिकाणी पडलेली आहे. पोलिसाने आणलेल्या कागदावर जे असेल तेच दप्तरी चढावयाचे! सरकारी आकड्यांवर डोळे मिटून विसंबणाऱ्यांनी हे प्रकरण आजही वाचावे.

आयोगाचा निर्णय असा की, माफक सेवनापासून व्यवहारतः काही अपाय दिसत नाही, अतिरेकापासून होतो. सर्वस्वी बंदी घालणे अनावश्यक आणि अनिष्ट आहे. त्याऐवजी लागवड मर्यादित ठेवावी, परवाने असावेत, कर चढा असावा, दुकानांची संख्या आवरावी, आणि एका माणसाजवळ किती माल असावा याला सीमा असावी. शशिशेखरेश्वर रॉय आणि निहालचंद यांनी मात्र आपली भिन्न मते नोंदवून गांजा व चरस यांच्याविरुद्ध अधिक कडक धोरणाची मागणी केली. त्या मतभेदाचा उल्लेख पाश्चात्त्य लेखक सहसा करीत नाहीत. इंग्रज अधिकारी सौम्य आणि हिंदी सदस्यांपैकी दोघे कठोर, ही गोष्ट त्यांच्या सोयीच्या चित्रात बसत नसावी.

तर मुद्दा असा की, कॉर्लेने ज्याची कल्पना केली तो कायदेशीर गांजा आपल्याकडे कित्येक पिढ्या प्रत्यक्ष होता. बंगालात नौगावच्या परिसरात परवान्याने लागवड होई. मादी झाडाच्या फुलोऱ्यापासूनच गांजा होतो. शेतात नर झाड राहिले तर बी धरते आणि माल हलका पडतो. म्हणून नर झाडे ओळखून उपटून टाकणारा एक जाणता माणूस शेतोशेत फिरे. त्याला तिकडे ‘पोद्दार’ म्हणत. तयार माल चपटा, गोल आणि चूर अशा तीन प्रकारांत निवडला जाई आणि सरकारी वखारीत जाई. १९१७ साली तेथे गांजा पिकविणाऱ्यांची सहकारी संस्थाही निघाली. मध्यप्रांतात खंडव्याची लागवड प्रसिद्ध होती. मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्ह्याची. आमच्या इंदूरकडील वाचकांस खंडवा म्हणजे इंदूरहून हाकेच्या अंतरावरचे गाव, आणि नगर तर बहुतेकांच्या सोयऱ्याधायऱ्यांचे. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याखाली या मालाचा मक्ता चाले आणि सरकारास त्यापासून चांगला वसूल मिळे.

हे सर्व कायदेशीर होते, उघड होते, करपात्र होते, आणि तरीही त्यात एक गोष्ट नव्हती. त्यात जाहिरात नव्हती. चिलीम ओढणारा बैरागी किंवा थंडीवाऱ्यात राबणारा कोळी-भोई दुकानात जाई तो स्वतःच्या गरजेने अथवा सवयीने. त्याने अधिक ओढावे, इतरांनीही ओढू लागावे, तरुणांनी ओढण्यात प्रतिष्ठा मानावी, यासाठी बुद्धिमान माणसांची एक फौज पगारी बसलेली नव्हती. गांजेकस हा शब्द मराठीत कधीही मानाचा झाला नाही. कायद्याने मोकळीक होती, पण लोकमताने पाठ थोपटलेली नव्हती. अबकारी पद्धत निर्दोष होती असे आमचे म्हणणे नाही. ठेका लिलावाने जात असल्यामुळे चढ्या बोलीने ठेका घेणाऱ्यास माल खपविण्याची निकड असेच, आणि सरकारचाही एक हात नियंत्रणात तर दुसरा तिजोरीत असे. परंतु घोषवाक्य आणि रंगीत वेष्टन हे दोन जिन्नस त्या दुकानात नव्हते.

भांगेची गोष्ट तर आणखी निराळी. महाशिवरात्रीची ठंडाई, होळीचा घोटा, उज्जैनीस महाकालेश्वराच्या लिंगाला होणारा भांगेचा शृंगार, या गोष्टी माळव्यातील आमच्या वाचकांस सांगावयास नकोत. वर्षातील अमुक दिवस, अमुक निमित्त, अमुक पात्र, अशी त्या सेवनास चौकट असते. चौकटीबाहेरच्या भंगडास गावात मान नसतो. जाहिरातीचा धर्म याच्या नेमका उलट आहे. निमित्ताची चौकट मोडून रोजच सण आहे असे पटविणे, हे तिचे काम.

मग गांज्याची जाहिरात कोणी केली? ती प्रथम पाश्चात्त्यांनीच केली, आणि गंमत अशी की आमचेच शब्द उसने घेऊन. कलकत्त्यास वैद्यकीय सेवेत असलेल्या ओशॉनेसी या डॉक्टराने १८३९ मध्ये गांज्याच्या औषधी गुणांवर निबंध लिहिला आणि तेथून ही वनस्पती युरोप-अमेरिकेच्या औषधकोशांत शिरली. औषधाच्या पाठोपाठ औषधविक्या आलाच. १८६० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ‘गंजावाला कंपनी’ या नावाने एक संस्था चरसाची मिठाई विकत होती, आणि मासिकांतून तिच्या जाहिराती छापून येत. त्या जाहिरातींत हा सुखद आणि निरुपद्रवी उत्तेजक पदार्थ असल्याची ग्वाही असे. ‘गांजा’ आणि ‘वाला’ हे दोन शब्द ब्रॉडवेवर नेऊन त्यांना पूर्वेच्या गूढतेचे अत्तर लावण्याचा हा उद्योग! पॅरिसच्या ग्रिमो आणि कंपनीने तर दम्यावर उपाय म्हणून ‘इंडियन सिगारेट’ काढल्या आणि देशोदेशीच्या वर्तमानपत्रांतून त्यांचा गाजावाजा केला. कॉर्लेच्या कादंबरीआधी शंभर वर्षे गांज्याची सिगारेट, तिचे नाव, तिचे पाकीट आणि तिची जाहिरात ही सर्व सामग्री सिद्ध होती.

तथापि त्याही आधीची, आणि आमच्या मते सर्वांत मनोरंजक, नोंद गोव्याची आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यास आला. त्याने हिंदुस्थानच्या औषधी वनस्पतींविषयी संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. भारतभूमीवर छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी तो एक. त्यात भांगेवर एक संवाद आहे. सेवन करणाऱ्या नोकरांस कामाचा शीण वाटत नाही, चित्त प्रसन्न होते आणि भूक लागते, असे तो लिहितो. शिवाय गुजरातचा सुलतान बहादूरशहा याचे एक बोलणे तो सांगतो. मार्तिम आफोन्सो द सोझा याला सुलतान म्हणाला होता की, रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान किंवा इराण येथे जावेसे वाटले तर आपण थोडी भांग खातो, बस्स. राजाच्या तोंडची एवढी प्रशस्ती एखाद्या जाहिरातदाराच्या हाती लागती तर त्याने ती सोन्याच्या अक्षरांत छापली असती! ऑर्ता मात्र ती वैद्याच्या कोरडेपणाने नोंदवितो आणि पुढच्या वनस्पतीकडे वळतो. या ज्ञानी पुरुषाचे पुढे काय झाले हे गोमंतकीय वाचक जाणतातच. तो जन्माने ज्यू वंशातला. १५६८ मध्ये तो वारला, आणि १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.

आता कादंबरीकडे परत येऊ. ती प्रसिद्ध झाली त्या काळात अमेरिकेत अशी आवई होती की, तंबाखूच्या कंपन्यांनी गांज्याच्या सिगारेटींसाठी नावे आधीच नोंदवून ठेवली आहेत, आणि त्यांत ‘आकापुल्को गोल्ड’ हेही आहे. कंपन्या अर्थातच सारे नाकारीत. नावे नोंदविल्याची कथा ही दंतकथाच होती. परंतु कंपन्यांचे हात कोरे होते काय? १९९८ च्या सुमारास न्यायालयीन तडजोडींमुळे तंबाखू-कंपन्यांची लक्षावधी खाजगी कागदपत्रे सार्वजनिक झाली. ती चाळून कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यावरून असे दिसते की, फिलिप मॉरिस, ब्रिटिश अमेरिकन टोबॅको यांसारख्या मोठ्या कंपन्या १९७० च्या सुमारासच गांज्याचा विचार करीत होत्या. फिलिप मॉरिसने तर सरकारच्या न्याय खात्याकडे संशोधनासाठी गांजा मागितला होता. म्हणजे कादंबरीकार कल्पनेने जे रचीत होता, तेच कंपन्यांच्या बंद कपाटांत टिपणांच्या रूपाने पडलेले होते.

मधल्या काळात आपल्याकडची व्यवस्था संपुष्टात आली. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने दारूबरोबर गांजा-भांगेलाही कवेत घेतले. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजा कडक नियंत्रणाखाली गेला. मात्र भांगेची पाने वगळावीत हा भारताचा आग्रह मान्य झाला, आणि गांज्याचा पारंपरिक वापर बंद करण्यास पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती मुदत संपण्याच्या आत, १९८५ साली, भारताने अमली औषधांचा कायदा केला आणि गांजा व चरस दंडनीय झाले. पाने आणि बी त्या व्याख्येतून वगळलेली आहेत, म्हणून काशीस व राजस्थानात परवान्याची भांगेची दुकाने राहिली. नौगावची वखार तर फाळणीनंतर परदेशातच गेली होती. इकडे आपण दार लावीत असता तिकडे अमेरिकेने उघडण्यास आरंभ केला, हा इतिहासाचा विनोद आहे. त्या देशातील कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये मतदानाने गांजा कायदेशीर केला, आणि १ जानेवारी २०१४ रोजी कोलोरॅडोत दुकाने उघडली.

दुकानांच्या मागोमाग कॉर्लेची माणसे आली. वेष्टने आली, रस्त्याकडेचे फलक आले, नामवंतांच्या नावांनी माल आला. डिसेंबर २०१८ मध्ये मार्लबरो सिगारेटच्या मालकीची आल्ट्रिया कंपनी कॅनडाच्या क्रोनोस या गांजा-कंपनीत ४५ टक्के भाग घेण्यास १८० कोटी डॉलर ओतत असल्याचे जाहीर झाले. आल्ट्रिया म्हणजे नाव बदललेली जुनी फिलिप मॉरिसच. १९७० च्या सुमाराचा तो नमुना-गांजा मागणारा अर्ज आणि २०१८ चा हा करार यांच्यामध्ये जवळजवळ अर्धे शतक आहे, पण दुकान तेच.

कॅनडाने या बाबतीत अमेरिकेहून वेगळी वाट धरली. तेथे १७ ऑक्टोबर २०१८ रोजी देशभर गांजा कायदेशीर झाला, पण त्याच कायद्यात जाहिरातीवर कडक बंधने घातली. मालाची भलामण कोणाच्या साक्षीने करावयाची नाही. माणसाचे, काल्पनिक पात्राचे किंवा प्राण्याचे चित्र वापरावयाचे नाही. ऐट, मौज, उत्साह, चैतन्य, धाडस यांच्याशी मालाचा संबंध जोडणारी जीवनपद्धती दाखवावयाची नाही. तरुणांस मोह पडेल असे काही करावयाचे नाही. वेष्टन साधे, आणि त्यावर आरोग्याचा इशारा. त्या कायद्याचे सतरावे कलम आम्ही वाचले तेव्हा आम्हांस असे वाटले की, हे लिहिणाऱ्याने बर्नेजपासून व्हर्जिनिया स्लिम्सपर्यंतच्या सर्व जाहिराती टेबलावर मांडल्या असाव्यात आणि एकेक पाहून तिच्यातील युक्ती निषिद्ध यादीत उतरविली असावी. अमेरिकेत तसे करणे कठीण, कारण तेथे व्यापारी जाहिरातीलाही राज्यघटनेने दिलेल्या भाषणस्वातंत्र्याचे काही संरक्षण आहे. कोलोरॅडोच्या नियमांनी आरंभी एवढेच म्हटले की, दूरचित्रवाणीवर जाहिरात करावयाची तर पाहणाऱ्यांत एकवीस वर्षांखालील मंडळी तीस टक्क्यांहून अधिक नसल्याचा विश्वसनीय पुरावा हवा. शंभरातील तीस मुलांना दिसले तरी चालेल, हा हिशेब कोणत्या पंतोजीने शिकविला असेल तो असो.

भारतातही औद्योगिक धाग्यासाठी भांगेच्या लागवडीस काही पहाडी राज्यांनी वाट करून दिली आहे, आणि गांज्याचा कायदा सैल करावा अशी मागणी अधूनमधून ऐकू येते. तिच्या बाजूने व विरुद्ध बोलणारे दोघेही हेम्प कमिशनचा दाखला देतात. मॅकवर्थ यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९४ मध्ये ज्या गांज्यास माफी दिली, तो वखारीतून तोलून येणारा, कागदात बांधून मिळणारा आणि पाकिटावर नाव नसलेला गांजा होता.